झिजलेला शब्द आणि समीक्षेची सहाण

एखादा कवितासंग्रह फारसे श्रम न घेता निकालात काढावयाचा असेल तर मराठी समीक्षेच्या हाताशी एक वाक्य नेहमीच तयार असते : या कवीचे शब्द झिजलेले आहेत. कधी ‘झिजलेले’च्या जागी ‘गुळगुळीत’ येते, कधी ‘घासून घासून बोथट झालेले’, तर कधी नुसते ‘वापरलेले’. निर्णय एकच असतो. या निर्णयाची सोय अशी की तो उच्चारल्यावर पुढे काही सिद्ध करावे लागत नाही. प्रतिमा फसली असे म्हणणाऱ्याला ती कोठे फसली ते दाखवावे लागते. रचना सैल आहे असे म्हणणाऱ्याला सैल सांधा दाखवावा लागतो. शब्द झिजला आहे, असे म्हणणाऱ्याने मात्र त्या शब्दाकडे नुसते बोट दाखवले की पुरते. वाचकानेही तो शब्द आधी कोठेतरी वाचलेला असतो, तो मान डोलावतो आणि खटला संपतो. ‘झिजणे’ हे रूपक आहे, आणि प्रत्येक रूपकाप्रमाणे तेही काही दाखवते व काही झाकते, याची चौकशी करण्याची गरज कोणास वाटलेली दिसत नाही. रूपकांची झीज शोधणाऱ्या समीक्षेने आपल्या हातातील सर्वांत वापरलेले रूपक तेवढे तपासावयाचे राहू दिले आहे.

तपासणीचा प्रारंभ क्रियापदापासूनच करणे इष्ट. संस्कृतातील ‘क्षि’ या धातूला क्षय करणारा आणि क्षय पावणारा असे दोन्ही चेहरे आहेत. ‘क्षिणोति’ म्हणजे नाश करतो. त्याच धातूचे ‘क्षीयते’ हे कर्मणी रूप म्हणजे क्षीण केला जातो, क्षीण होतो. प्राकृतात या ‘क्षीयते’चे ‘झिज्जइ’ झाले आणि तेथून मराठीत ‘झिजणे’ आले. मराठीला मिळाले ते कर्मणी रूपाचे अपत्य. क्षय करणारा कर्ता वाटेतच गळाला. म्हणून ‘झिजणे’ हे अकर्मक आहे. पायरी झिजते, फाळ झिजतो, साबण झिजतो, आणि या वाक्यांना कोणी झिजवले हा प्रश्न विचारता येत नाही. तो विचारावयाचा तर ‘झिजवणे’ हे प्रयोजक रूप वापरावे लागते, आणि समीक्षा हे रूप सहसा वापरत नाही. ‘हा शब्द झिजला आहे’ आणि ‘हा शब्द अमक्यांनी झिजवला आहे’ या दोन वाक्यांत केवळ प्रयोगाचा फरक नाही. पहिले वाक्य हवामानाविषयी बोलावे तसे भाषेविषयी बोलते, दुसरे इतिहासाविषयी बोलते.

या व्युत्पत्तीत आणखी एक गोष्ट दडलेली आहे, आणि झिजेच्या सिद्धान्ताला ती मुळीच सोयीची नाही. ‘क्षीयते’चे ‘झिजते’ होताना ध्वनी झिजले, जोडाक्षर गेले, संस्कृत प्रत्ययाचा डौल गेला. पण अर्थाचे काय झाले? संस्कृतात चंद्र, पुण्य, धन, आयुष्य या साऱ्यांना एकच ‘क्षीयते’ चालते. मराठीत चंद्र क्षीण होतो, पुण्य सरते, धन आटते, आयुष्य ओसरते. ‘झिजणे’ प्रामुख्याने उरले ते वापराने, घर्षणाने, स्पर्शाने होणाऱ्या घटीसाठी. दीर्घ आजाराने माणूस झिजतो यात जुना व्यापक अर्थ अद्याप शिल्लक आहे खरा. पण क्रियापदाची मुख्य धार आता वापराची आहे. म्हणजे ध्वनी घासला गेला आणि अर्थ अधिक नेमका झाला. झिजेचे नाव धारण करणारा शब्दच झिजून तीक्ष्ण झाला असेल, तर झीज म्हणजे अर्थहानी हे समीकरण किमान मराठीत तरी गृहीत धरता येणार नाही.

हे समीकरण आले कोठून? त्याचे मूळ नाण्यात आहे. नीत्शेने १८७३ साली लिहिलेल्या सत्यविषयक निबंधात सत्ये ही वापरून चित्र पुसले गेलेल्या नाण्यांसारखी आहेत अशी मांडणी केली. अशी नाणी नाणी म्हणून नव्हे, धातू म्हणूनच उरतात. अनातोल फ्रान्सच्या ‘एपिक्यूरसचे उद्यान’ या पुस्तकातील एका संवादात हीच कल्पना वेगळ्या रीतीने येते. तेथील पॉलिफिलॉस तत्त्वमीमांसकांना धारवाल्यांची उपमा देतो. हे धारवाले चाकूंऐवजी नाणी सहाणेला लावतात, त्यांवरील मुद्रा, साल, देश पुसून काढतात, आणि मग हे नाणे आता कोणत्याच देशाचे व काळाचे नाही, म्हणून त्याचे मोल अमर्याद, असे सांगतात. देरिदाच्या ‘ला मितॉलॉजी ब्लांश’ या १९७१ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या निबंधाचा आरंभ याच संवादाच्या वाचनाने होतो. फ्रेंच ‘युझ्यूर’ या शब्दाचा अर्थ झीज असाही होतो आणि सावकारी व्याज असाही होतो, या दुहेरीपणावर देरिदाने बोट ठेवले. वापराने शब्दातून काही जाते, तसे वापरानेच त्यावर काही चढते. या दोन हालचाली सुट्या करता येत नाहीत. शिवाय झिजेची कथा सांगणाऱ्याला एक आद्य, अक्षत, टांकसाळीतून नुकता निघालेला अर्थ मनोमन मानावा लागतो, हे त्याचे दुसरे निरीक्षण. रिकरने १९७५ साली ‘ला मेताफोर व्हिव्ह’मध्ये या मांडणीला उत्तर दिले. मृत रूपक हे रूपक उरलेलेच नसते, ते कोशातला एक साधा अर्थ होऊन जाते, तेव्हा त्याच्या छुप्या सामर्थ्याचे एवढे भय बाळगण्याचे कारण नाही, हा त्या उत्तराचा रोख. तो वाद येथे तडीस नेण्याचे कारण नाही. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की ज्या परंपरेतून नाण्याचे रूपक आले तिने स्वतःच त्याची कसून उलटतपासणी केली आहे. मराठी समीक्षेने नाणे उचलले आणि उलटतपासणी तेथेच ठेवली.

‘युझ्यूर’ मराठीत ‘झीज’ म्हणून आणला की त्यातले व्याज बुडते. वस्तुतः मराठीची तिजोरी एवढी रिकामी नाही. हिशेबाच्या वहीतला ‘घसारा’ आणि बाजारातली ‘घासाघीस’ हे शब्द घासण्याचा व्यवहाराशी असलेला संबंध उघड राखून आहेत. आणि ‘व्याज’ हा शब्द तर काव्यशास्त्र व सावकारी या दोन्ही घरी नांदतो : व्याजस्तुती आणि व्याजोक्ती या अलंकारांतील व्याज म्हणजे बहाणा, एकाच्या मिषाने दुसरे सांगणे, वहीतले व्याज म्हणजे मुदलावर चढणारी वाढ. बहाण्यातून होणारी वाढ, ही रूपकाची व्याख्या म्हणून काही वाईट नाही. देरिदाला फ्रेंचमध्ये जे एका शब्दात सापडले त्याचा अर्धा भाग मराठीला असा घरबसल्या उपलब्ध होता. तो न पाहता ‘झीज’ तेवढी घेतली गेली, कारण निर्णय देण्यासाठी ती पुरेशी होती.

नाण्याचेच रूपक घ्यावयाचे असेल तर ते तरी पुरते घ्यावे. या देशात नाणी वापरली गेली तेव्हा त्यांची झीज ठरवणारा माणूस नाण्याच्या समोरच बसलेला होता. तो सराफ. झिजलेल्या वा परमुलखी नाण्यावर तो बट्टा कापून घेई, आणि तो बट्टा हाच त्याच्या उत्पन्नाचा एक मार्ग होता. अठराव्या शतकातील बंगालमध्ये तर सिक्का रुपयावरील सन जुना झाला की त्याचे वजन घटले नसतानाही त्यावर बट्टा लागू होई. चांदी तेवढीच, मुद्रा शाबूत, गेले ते केवळ नवेपण. नवेपणालाच मूल्य मानणाऱ्या समीक्षेने या व्यवस्थेत आपला चेहरा ओळखावा. ‘हा शब्द झिजला आहे’ हे वाक्य पुष्कळदा वजनाचे मोजमाप नसते. ती सनाची वाचणी असते. आणि बट्टा कापणारा हात मात्र वाक्यात दिसत नाही, कारण क्रियापद अकर्मक आहे.

फ्रान्सच्या संवादात निदान धारवाले दिसतात. कोणीतरी बसून, चाक फिरवून, मुद्दाम नाणी घासतो आहे. मराठी समीक्षेने त्या कथेतले धारवाले वगळून फक्त गुळगुळीत नाणे घेतले.

भारतीय काव्यशास्त्रापुढे वापराने स्थिरावलेल्या अर्थाचा प्रश्न नव्हता, असे कोणी म्हणेल तर ते खरे नव्हे. अकराव्या शतकात मम्मटाने लक्षणेचे दोन आधार सांगितले, रूढी आणि प्रयोजन. रूढीचे त्याचे उदाहरण ‘कुशल’ हे : मुळात कुश नावाचे गवत खुडून आणणारा, आणि रूढीने निपुण. चौदाव्या शतकात विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त या उदाहरणाला हरकत घेतली. व्युत्पत्तीचे निमित्त वेगळे व प्रयोगाचे निमित्त वेगळे. ‘निपुण’ हाच ‘कुशल’चा मुख्य अर्थ आहे. तसे न मानल्यास ‘गाय निजली आहे’ या वाक्यातही लक्षणा मानावी लागेल, कारण ‘गो’ शब्द गमनार्थक धातूपासून आलेला आणि निजलेली गाय तर चालत नाही. या युक्तिवादातील मिस्कीलपणा बाजूला ठेवला तरी त्याची ताकद कमी होत नाही. मृत रूपक मुळात रूपक तरी आहे काय, हा प्रश्न रिकरच्या सहा शतके आधी येथे विचारला गेला होता. आणि तो विचारताना कोणीही त्या शब्दाला झिजलेला म्हटले नाही. त्यांचा शब्द होता ‘रूढ’. ‘रुह्’ म्हणजे उगवणे, वाढणे, वर चढणे. बीज रुजते ते याच धातूच्या कुळात. वापराने स्थिर झालेला अर्थ हा त्या परंपरेच्या लेखी मुळे धरलेला अर्थ होता.

येथे प्राचीनांची आरती ओवाळण्याचा मुळीच हेतू नाही. आनंदवर्धनाने ‘लावण्य’ यासारखे रूढ शब्द ध्वनीच्या क्षेत्राबाहेर ठेवलेच आहेत. खारटपणाचा मूळ अर्थ तेथे कोणतेही प्रयोजन साधत नाही, हे त्याचे कारण. तेव्हा रूढ शब्दाला काव्यात आपोआप मान मिळत होता असे नव्हे. फरक आहे तो कारणमीमांसेचा. आनंदवर्धन शब्द कोणते काम करतो हे विचारतो. तो किती हातांतून गेला हे विचारत नाही. म्हणूनच ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्द्योतात, आधी पाहिलेले अर्थही रसाच्या योगाने नवे भासतात हे सांगताना त्याला वसंतातल्या झाडांचा दृष्टान्त सुचू शकतो. झाड तेच असते आणि पालवी नवी. नाण्याच्या बाबतीत हे अशक्य आहे. नाणे नवे करावयाचे तर ते वितळवावेच लागते. आधुनिक समीक्षेला दर पिढीगणिक भाषा वितळवण्याची जी घाई झालेली असते तिचे मूळ कवींच्या प्रतिभेत शोधण्यापेक्षा या रूपकाच्या धातूत शोधावे.

श्क्लोव्स्कीचे नाव या ठिकाणी हमखास पुढे केले जाईल. ‘शब्दाचे पुनरुत्थान’ (१९१४) आणि ‘कला : एक तंत्र’ (१९१७) या दोन लेखांतून त्याने सवयीने जड झालेल्या जाणिवेला पुन्हा जागे करणे हे कलेचे कार्य मानले, आणि ‘अपरिचितीकरण’ ही संज्ञा मराठीत त्याच वाटेने आली. त्याचे निरीक्षण खोटे नाही. पण त्याचा विषय जाणिवेची सवय हा आहे. ती सवय वाचकाच्या ठिकाणी असते, शब्दाच्या अंगावर नसते. जात्याचा अनुभव असलेल्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. दळून दळून जात्याच्या तळ्या गुळगुळीत झाल्या की पीठ जाडेभरडे पडू लागते, आणि मग पाथरवटाकडून जात्याला टाकी लावून घ्यावी लागते. तेथे कोणी जाते झिजले म्हणून फेकून देत नाही, आणि ज्या अर्थी ते गुळगुळीत झाले त्या अर्थी त्यावर दळण झाले आहे, हेही कोणी विसरत नाही.

जात्याचा उल्लेख ओघाने आला खरा, पण झिजेच्या निकषाची खरी परीक्षा तेथेच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी ग्रामीण महाराष्ट्रातून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या संकलित करवून घेतल्या. त्या ओव्यांत तेच भाऊ, तीच सासुरवास, तीच सीता, तेच पंढरपूर पुनःपुन्हा येते. ‘झिजलेले शब्द’ हा निकष येथे लावला तर लाख ओव्यांतून शंभरही उरणार नाहीत. तो लावला जात नाही हे खरे; पण लावला जात नाही तो एका सवलतीने, ओवी हे ‘लोकवाङ्मय’ आहे, तिला वेगळे मोजमाप, असे म्हणून. ही सवलत म्हणजे मोठ्या दिवाणखान्याबाहेरची ओसरी आहे. ‘भाऊ’ हा शब्द हजाराव्या ओवीत आला तेव्हा तो झिजलेला नसतो. आधीच्या नऊशे नव्याण्णव ओव्यांचे व्याज त्यावर चढलेले असते, आणि दळणारीने तो कोणत्या भावासाठी उच्चारला यावर ते वसूल होते. पुनरुक्तीने शब्द रिता होतो हे तत्त्व सार्वत्रिक असते तर वारीतले नामस्मरण हा जगातला सर्वांत निरर्थक उच्चार ठरला असता. तसे म्हणण्याचा अधिकार नास्तिकाला जरूर आहे, मात्र त्याने तो ईश्वराच्या अभावावरून म्हणावा, शब्दाच्या झिजेवरून नव्हे.

नवकाव्याचे उदाहरण तर याहून बोलके आहे. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहाने रविकिरण मंडळाच्या काळातील गुळगुळीत झालेली काव्यभाषा मोडली, हे विधान मराठीचा प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थी उत्तरपत्रिकेत लिहितो. त्याच उत्तरपत्रिकेत पुढे दोन ओळींनी मर्ढेकरांनी ओवी व अभंग यांचा उपयोग केल्याचीही नोंद असते. या दोन नोंदी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या तर झिजेचा सिद्धान्त तेथेच कोसळतो. जी रूपे सहा-सात शतके कोट्यवधी मुखांतून गेली होती ती मर्ढेकरांच्या हाती धारदार निघाली, आणि जी शब्दकळा जेमतेम पंचवीस वर्षांची होती ती गुळगुळीत ठरली. वापराचे प्रमाण हेच झिजेचे कारण असते तर निकाल नेमका उलटा लागावयास हवा होता. रविकिरण मंडळाच्या काव्यभाषेत काही बिघडले असेल तर ते वापराने बिघडले नव्हते. ती ज्या मध्यमवर्गीय कौटुंबिक भावविश्वापुरती बोलत होती त्याच्या भिंतींनी बिघडले होते. हे कारण शोधणे अवघड, सामाजिक आणि अप्रिय. ‘शब्द झिजले’ हे म्हणणे सोपे.

नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’ला प्रस्तावना लिहिताना विजय तेंडुलकरांना त्यातील अनेक शब्दांचे अर्थ कवीकडून समजावून घ्यावे लागले होते, त्यांनी ते प्रांजळपणे नमूद केले. ते शब्द मुंबईच्या त्या वस्तीत रोज, रात्रंदिवस, शब्दशः हातघाईने वापरले जात होते. टांकसाळीतून आलेले असे त्यांत काही नव्हते. मराठी साहित्याच्या सदाशिवपेठी वाचकाला मात्र ते कोरे करकरीत वाटले, आणि त्याच्या समीक्षेने त्यांच्या ‘ताजेपणा’चे कौतुक केले. एकच शब्द एका गल्लीत झिजलेला आणि दुसऱ्या गल्लीत नवा असू शकतो, तर झिजलेपण हा शब्दाचा गुण नव्हे, शब्द आणि श्रोता यांमधील अंतराचे ते माप आहे. पुढे हे अंतर मिटले. दोन दशके दलित कविता वाचल्यावर त्या वाचकाच्या कानाला विद्रोहाची शब्दकळा सरावली, आणि त्याच समीक्षेने ‘साचलेपणा’ची, ‘तोचतोचपणा’ची तक्रार सुरू केली. त्या कवितेत नकली, नुसत्या घोषणांवर उभी असलेली रचना झाली नाही असे कोणीच म्हणणार नाही. ती झाली, आणि तिला नकली म्हणण्याचे धैर्य त्या चळवळीतल्याच काहींनी दाखवले. पण ‘नकली’ आणि ‘झिजलेले’ हे दोन वेगळे आरोप आहेत. पहिला सिद्ध करावयाचा तर कविता वाचावी लागते. दुसऱ्याला वाचणाऱ्याचा कंटाळा पुरतो. ज्या गोष्टीला तो शब्द लावला होता ती गोष्ट झिजली काय, हा प्रश्न तर या तक्रारीच्या आसपासही फिरकत नाही.

याच व्याकरणाचे एक नैतिक भावंड मराठीत आहे. आईने, शिक्षकाने, पक्षाच्या सामान्य कार्यकर्त्याने ‘चंदनासारखा देह झिजवला’ असे मृत्युलेखांत लिहिले जाते. येथे क्रियापद प्रयोजक आहे, पण चलाखी अशी की झिजणारा आणि झिजवणारा एकच व्यक्ती ठरवलेली आहे. सहाण कोणाची होती आणि उगाळलेले गंध कोणाच्या कपाळी लागले, याचा उल्लेख त्या वाक्यात होत नाही. उलट ‘कचेरीचे उंबरे झिजवले’ असे म्हणताना अर्जदार कर्ता होतो आणि उंबरा कर्म. प्रत्यक्षात झिजतात त्या त्याच्या चपला, उंबऱ्याला काही होत नाही. मराठी भाषेने कर्त्याची ही लपाछपी इतकी सूक्ष्म नोंदवून ठेवली असताना तिच्या समीक्षेने एकाच अकर्मक रूपावर संतुष्ट राहावे, याला दारिद्र्य म्हणता येत नाही. तो एक प्रकारचा बंदोबस्त आहे.

कारण घासण्यावाचून समीक्षेला अस्तित्वच नाही. ‘लिख्’ या धातूचा मूळ अर्थ ओरखडणे असा आहे. मराठी ‘खरडणे’ त्याची आठवण अजून ठेवून आहे आणि ‘खर्डेघाशी’त तर ती दुप्पट झाली आहे. समीक्षेला ज्याचा सर्वाधिक अभिमान, तो ‘निकष’ हा शब्द ‘कष्’ म्हणजे घासणे यावरून आला. ‘कसोटी’ ही मुळात ‘कषपट्टिका’, सोने घासण्याची काळी शिळा. ‘कसदार’ आणि ‘बावनकशी’ ही विशेषणेही त्याच शिळेवरची. त्या शिळेवर सोन्याची परीक्षा होते ती सोन्याचा अत्यल्प अंश तिच्यावर सांडतो म्हणूनच. जे सोने झिजावयास तयार नाही त्याचा कस लावता येत नाही. शिळेवर उमटलेली रेघ मग ज्ञात कसाच्या रेघेशेजारी धरून पाहिली जाते. म्हणजे झीज हा येथे दोष नाही, पुरावा आहे, आणि तोही एकट्याने नव्हे, दुसऱ्या झिजेच्या तुलनेत वाचावयाचा. शब्द झिजला आहे असे सांगणाऱ्या समीक्षकाने हा पुरावा मांडावा : कोणाच्या तोंडी झिजला, कोणत्या वर्षांत, कशावर घासून, आणि त्या घासण्यातून निघालेली भुकटी कोणाकडे गेली. ‘अस्मिता’, ‘तळागाळातील’, ‘सर्वसमावेशक’ या शब्दांबाबत असा पुरावा कोणी खरोखर मांडला तर तो वाचनीय होईल, कारण तेथे झिजवणारे हात मोजता येण्याइतके आणि पुष्कळसे परिचित आहेत.

तोवर एक लहानशी पाहणी कोणत्याही ग्रंथालयात बसून करता येईल. गेल्या चार-पाच दशकांतील मराठी पुस्तकपरीक्षणे काढावीत आणि त्यांत ‘जाणीव’, ‘अनुभवविश्व’, ‘संवेदनशील मन’, ‘वेगळी वाट’, ‘आशयघन’ आणि स्वतः ‘झिजलेले शब्द’ हे शब्द किती वेळा येतात ते पाहावे. ओवीतला ‘भाऊ’ त्यांच्यापुढे नवखा वाटेल. समीक्षेत मात्र या वापराला झीज म्हणत नाहीत. तेथे त्याला परिभाषा म्हणतात.